स्नेक प्लांट : संथ वाढीची निगा

सुरतेतील मराठी घरांत तुळशीच्या कुंडीशेजारी अलीकडे आणखी एका कुंडीस मान मिळू लागला आहे. तलवारीच्या पात्यासारखी उभी पाने, गडद हिरव्या रंगावर फिकट आडवे पट्टे आणि काही जातींत पिवळी किनार, असे तिचे रूप. कोणी या झाडास नागफणी म्हणतात. परंतु ते नाव फड्या निवडुंगाचे असल्यामुळे घोटाळा होतो. म्हणून रोपवाटिकेतले ‘स्नेक प्लांट’ हेच रूढ नाव आम्ही येथे वापरीत आहोत. या झाडाविषयी गृहिणींची तक्रार ठरलेली असते : “वर्ष झाले, रोज पाणी घालते, पण ते आहे तेवढेच आहे.” या तक्रारीतच बहुधा रोगाचे निदान दडलेले असते. झाड उपाशी असते ते प्रकाशासाठी, आणि त्यास अजीर्ण झालेले असते ते पाण्याचे.

त्याचे मूळ गाव पश्चिम आफ्रिका. तथापि त्याचे शास्त्रीय वर्णन व नामकरण झाले ते आपल्याच देशात. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख डेव्हिड प्रेन यांनी १९०३ साली बंगालच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात ते केले. पुढे २०१७ साली शास्त्रज्ञांनी त्यास ‘ड्रसीना’ या प्रजातीत घातले. याच गोत्रातील एक वनस्पती भारतात पूर्वीपासून आहे. तिच्या पानांचा वाख चिवट असतो. स्मृतिग्रंथांत क्षत्रियाच्या मेखलेसाठी सांगितलेली मूर्वा ती हीच, असे काही पंडित मानतात. धनुष्याच्या दोरीस ‘मौर्वी’ म्हणतात, ते या मूर्वेवरूनच.

आता ते संथ का वाढते, ते पाहू. बहुतेक झाडे दिवसा पानांवरील सूक्ष्म रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड वायू घेतात, आणि त्याच वाटेने त्यांच्यातील पाण्याची वाफही निघून जाते. कोरड्या प्रदेशात वाढलेल्या या झाडास तो खर्च परवडत नाही. म्हणून ते रात्रीच्या गारव्यात रंध्रे उघडते, घेतलेला वायू आम्लाच्या रूपाने साठविते, आणि दिवसा रंध्रे मिटून घेऊन सूर्यप्रकाशात त्याचे अन्न तयार करते. पाण्याची बचत होते. पण एका रात्रीत साठेल तेवढ्यावरच दिवस काढावयाचा, म्हणून वाढ मंद. शिवाय पूर्ण वाढलेले पान आणखी उंच होत नाही. वाढ होते ती मातीखालच्या आडव्या खोडाची, आणि त्यातून नवे फुटवे वर येतात. आपण पानांची उंची मोजीत बसतो, आणि काम चाललेले असते जमिनीखाली.

पहिला उपाय प्रकाशाचा. ‘अंधारातही जगते’ असे सांगून हे झाड विकले जाते. ते जगते हे खरे. पण जगणे निराळे आणि वाढणे निराळे. पूर्वेच्या गॅलरीतील सकाळचे ऊन त्यास मानवते. मात्र चैत्र-वैशाखातील सुरतेचे दुपारचे ऊन पाने भाजून काढते, तेव्हा आडोसा हवा. आतल्या खोलीतले झाड एकदम उन्हात ठेवू नये. दोन आठवड्यांत हळूहळू सरकवीत न्यावे. लिंबायत-उधन्याकडच्या एकाच दाराच्या खोलीत प्रकाश आणावा कोठून, असे कोणी विचारील. त्यांनी दोन कुंड्या ठेवाव्यात आणि दर पंधरवड्यास एक आत, एक बाहेर अशी आलटापालट करावी.

दुसरा उपाय पाण्याचा. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. माती खालपर्यंत कोरडी लागली तरच भरपूर पाणी द्यावे, आणि बशीत उतरलेले पाणी ओतून टाकावे. उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी, थंडीत महिन्यातून एकदा, एवढे बहुधा पुरते. खरी कसोटी पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर आपल्याकडील दमट हवेत माती वाळतच नाही. या दिवसांत कुंडी पागोळ्यांपासून दूर, छपराखाली घ्यावी. बुंध्याशी पान पिवळे, मऊ पडले व दुर्गंधी आली, तर मुळे कुजू लागली असे समजावे. झाड उपटून कुजका भाग धारदार सुरीने कापावा, उरलेले दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्यावे आणि नव्या कोरड्या मातीत लावावे.

तिसरा उपाय मातीचा. सुरतेची काळी माती कापसास उत्तम, पण कुंडीत ती चिखल धरते. एक भाग माती, एक भाग भरड वाळू अथवा विटांची भरड आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. कुंडी मातीची, तळाशी भोक असलेली आणि मुळांच्या गड्ड्याहून थोडीच मोठी असावी. फार मोठ्या कुंडीत ओल साचून राहते. कुंडी बदलण्याचा उत्तम काळ म्हणजे उत्तरायणाचे पतंग उतरून थंडी ओसरू लागली की. खत द्यावयाचे तेही उन्हाळ्याच्या दिवसांतच, आणि बेताने.

पिवळ्या किनारीचे झाड वाढवावयाचे असेल तर गड्डाच विभागावा. पानाच्या तुकड्यापासून केलेल्या रोपास ती किनार येत नाही. पाने चघळल्यास उलटी व पोटदुखी होऊ शकते, म्हणून लहान मुले व मांजरे यांच्यापासून कुंडी दूर ठेवावी.

हे झाड घरातील हवा शुद्ध करते अशी मोठी ख्याती आहे. तिचा उगम १९८९ सालच्या नासाच्या प्रयोगांत आहे. परंतु ते प्रयोग बंद पेटीत झाले होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत असे दिसले की, नेहमीच्या घरात तसा परिणाम साधण्यास दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील! तेव्हा हवेसाठी खिडकी उघडावी, आणि झाड ठेवावे ते हिरवेपणासाठी.

खानदेशातून येऊन या शहरात रुजलेल्या आपल्या कुटुंबांस हे निराळे सांगावयास नको की, नव्या मातीत आधी मूळ धरावे लागते आणि पालवी मागाहून दिसते. प्रकाश द्यावा, पाण्याचा हात आवरावा, आणि एखादे वर्ष वाट पाहावी. फुटवा मातीतून डोके वर काढील तेव्हा तो कुंडी बदलण्याचा नव्हे, आनंदाचा दिवस समजावा.