आमवात आणि पायाची तपासणी : दवाखान्यात वहाणा काढाच!



उसाची लागण असो, खुरपणी असो की रात्रीचे दारे धरणे असो, कामाचा भार पहिल्यांदा पायावर येतो. तरी घरातल्या बाईचे पाय धरले की आपण म्हणतो, "वय झालं, चालायचंच." पण सगळेच पाय वयाने धरत नाहीत. काहींना आमवात असतो, आणि तो वेळीच ओळखला तर पाऊल वाकडे होणे पुष्कळसे टळते.

खडकवासल्याच्या उजव्या कालव्याचे पाणी दौंड, इंदापूरपर्यंत जाते. त्याच इंदापूर तालुक्यात भिगवणला १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. तीत आमवाताचे प्रमाण हजारी साधारण पाच आढळले. म्हणजे आपल्यासारख्या प्रत्येक मोठ्या गावात अशी काही घरे असणारच.

आमवात म्हणजे सांध्यांची झीज नव्हे. शरीराची राखण करणारी शक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते. सांधे सुजतात, सकाळी अर्धा-एक तास किंवा त्याहून जास्त वेळ आखडलेले राहतात. पुरुषांपेक्षा बायकांत हा रोग दोन-तीन पट जास्त. हाताच्या बोटांबरोबर चवड्याचे लहान सांधेही त्यात लवकर सापडतात.

पाय कसा राहून जातो?

रोगाचा जोर मोजण्यासाठी २८ सांधे तपासण्याची पद्धत जगभर रूढ आहे. त्यात खांदे, कोपरे, मनगटे, हातांची बोटे आणि गुडघे येतात; घोटा आणि पाऊल येत नाही. त्यामुळे हात बरे झाले की कागदावर रोग आटोक्यात दिसतो, आणि बाई मात्र चवड्याखाली खडे असल्यासारखी चालत असते. म्हणून डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे, "पायपण बघा."

तपासणीत काय करतात?

१. पाहणे : अंगठा बाजूला कलला आहे का, बोटे वर चढली आहेत का, चवड्याखाली घट्टे पडलेत का, कमान बसली आहे का, हे पाहतात. जुनी चप्पलही बरोबर न्यावी. ती कोणत्या बाजूने झिजली, यावरून भार कुठे पडतो ते कळते.

२. दाबणे : चवडा दोन्ही बाजूंनी हलकेच आवळतात. त्याने कळ आली तर आतल्या सांध्यांना सूज असण्याची शक्यता असते.

३. उभे करणे : भिंतीला हात टेकवून एका पायाच्या चवड्यावर टाच उचलायला सांगतात. टाच उचलत नसेल, तर कमान धरून ठेवणारी घोट्यामागची शीर कमजोर झालेली असू शकते.

४. चालवणे : दहा मीटर चालायला किती सेकंद लागतात ते मोजतात. दहा मीटर म्हणजे जवळपास आपल्या गुंठ्याची एक बाजू, तेहतीस फूट. हे घरीही करता येते. महिन्यातून एकदा, त्याच जागी, नेहमीच्या चालीने चालून आकडा लिहून ठेवावा.

५. विचारणे : १९९१ साली अमेरिकेत २३ प्रश्नांची एक यादी तयार झाली. दुखते किती, चालताना-चढताना अडचण किती, कामे किती सुटली, याला शून्य ते दहा गुण देतात. गुण जितके जास्त तितका पाय जास्त अडलेला. औषधाने गुण उतरले की नाही, हे पुढच्या वेळी कळते.

मोजून मग काम करायचे, ही रीत खडकवासल्याला नवी नाही. १९१६ साली स्थापन झालेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र इथेच आहे. धरण-कालव्यांचे आराखडे तिथे लहान प्रतिकृतीवर पाणी सोडून तपासले जातात. पायाचेही तसेच आहे.

मोजल्याचा उपयोग काय?

सूज चालू असेल तर औषध वाढवायचे की बदलायचे, ते डॉक्टर ठरवतात. आकार बदलला असेल तर वहाण बदलावी लागते : पुढून रुंद, तळ मऊ, मागे पट्टा असलेली. सपाट, कडक वहाण किंवा अनवाणी चालणे अशा पायाला सोसत नाही. कमानीला आधार देणारा तळ मापाने करून घेता येतो.

दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. आमवातावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. आणि "एका दिवसात उतार" म्हणून मिळणाऱ्या बेनावाच्या पुड्यांत स्टेरॉईड असू शकते. दुखणे दबते, रोग आत चालूच राहतो.

दीड महिन्याहून जास्त काळ सांध्यांना सूज आणि सकाळचा आखडलेपणा असेल, तर आता गळीत संपू दे, मग बघू, असे म्हणू नये. उसाची तोड चार दिवस पुढे गेली तरी निभते. एकदा झिजलेला सांधा मात्र पूर्ववत होत नाही. बैलाच्या खुराला जरा लागले तर आपण त्याच दिवशी पाहतो. घरच्या माणसाच्या पायाकडेही तेवढ्याच तातडीने पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.