यंत्रमागाचा आवाज : सवय की बहिरेपणा?

इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरमध्ये यंत्रमागांची खटखट रोजचीच. ‘आधी त्रास होतो, मग सवय होते,’ असं कामगार सांगतात. अनुभव खरा, पण त्याचा अर्थ तपासायला हवा. सततच्या मोठ्या आवाजानं अंतर्कर्णातील केसपेशी मरतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत. ऱ्हास सहसा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून नुकसान कळत नाही. कारखान्यांसाठी ८ तासांची मर्यादा ९० डेसिबल. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये ती सहज ओलांडली जाते. मात्र मागातला बिघाड कामगार आवाजावरूनच ओळखतो. म्हणून ‘कानांत बुचं घाला’ असं सांगण्यापूर्वी आम्ही संशोधकांनी त्याचं ऐकायला हवं. मोजमाप धोका दाखवतं. उपाय टिकेल का, हे अनुभव सांगतो.