जोडून लिहिला तरच संयुक्त?

इंग्रजीतला संयुक्त शब्द (स्वतंत्र शब्द एकत्र येऊन एकच अर्थ देणारा शब्द) ओळखताना विद्यार्थी बहुधा एकच खूण पाहतात: तो जोडून लिहिला आहे का? ही खूण अपुरी आहे. ‘ब्लॅकबोर्ड’ जोडून, ‘मदर-इन-लॉ’ संयोगचिन्हाने, तर ‘बस स्टॉप’ सुटा लिहितात, तिन्ही संयुक्तच.

खरी खूण कलमाच्या उदाहरणातून समजते. जालना जिल्ह्यात अंबड-घनसावंगीकडे मोसंबीचा डोळा जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधतात. कलम एकजीव झाले की ते एकच झाड. शब्दांतही अर्थ असा एकजीव व्हावा लागतो. म्हणून वर्गातला फळा हिरवा असला तरी तो ‘ब्लॅकबोर्ड’च.

असा शब्द क्रिया कधी, कुठे घडली हे सांगत असेल, तर ते संयुक्त क्रियाविशेषण: ‘समटाइम्स’, ‘एव्हरीव्हेअर’, ‘डाउनस्टेअर्स’. मराठीत ‘दररोज’, ‘गावोगाव’ हे अव्ययीभाव समास हेच काम करतात.

‘रोज’ या अर्थी मात्र ‘एव्हरी डे’ सुटे लिहावे. जोडलेले ‘एव्हरीडे’ हे विशेषण (नामाबद्दल अधिक माहिती देणारा शब्द) असून त्याचा अर्थ ‘रोजचा’ असा होतो. ‘क्विकली’ हे क्रियाविशेषण असले तरी संयुक्त नाही, कारण त्यातला ‘ली’ हा केवळ प्रत्यय आहे.