जावळाची घोंगडी

आषाढात तुकोबारायांची पालखी बारामतीहून पुढे काटेवाडीला येते, तेव्हा तिथे मेंढ्यांचे रिंगण होते. आपणांपैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. मेंढ्या पालखीभोवती फेरी धरतात, लोक हात जोडतात आणि पालखी इंदापूरच्या वाटेला लागते. मेंढीच्या अंगावरच्या लोकरीचे पुढे काय होते, ते आज सांगायचे आहे.

शहरातली मंडळी म्हणतात की, मऊ लोकर ती काश्मीरची. आपल्या दख्खनी मेंढीची म्हणजे नुसती काथ्या! हे निम्मेच खरे. लोकरीचा बारीकपणा मायक्रॉनमध्ये मोजतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पश्मिन्याचा तंतू साधारण 12 ते 16 मायक्रॉनचा असतो. दख्खनी मेंढीचा त्याच्या दुपटीहून जाड. तो अंगाला टोचतो, यात वाद नाही.

पण याच मेंढीच्या कोकराची पहिली लोकर हातात घेऊन बघा. तिला आपल्याकडे जावळ म्हणतात. लेकराच्या पहिल्या केसांना म्हणतो, तेच नाव. कोकरू पाचसहा महिन्यांचे झाले की ती कातरतात. तिच्या तंतूला कधी कात्री लागलेली नसते, म्हणून त्याचे टोक निमुळते राहते. एकदा कातरल्यावर पुन्हा येणाऱ्या केसाची दोन्ही टोके बोथट, आणि बोथट टोकच अंगाला जास्त टोचते. म्हणजे जावळ कोकराच्या जन्मात एकदाच मिळते, तेही ओंजळभर! जावळाची घोंगडी महाग का, ते यावरून कळेल. आपल्या मुलखाची ती उंची शालच म्हणा ना.

साधी घोंगडी मोठ्या मेंढीच्या लोकरीची. मेंढ्या आधी धुऊन घेतात, मग कातरतात. वर्षातून दोनदा कातरूनही एका मेंढीमागे अर्धा-पाऊण किलो लोकर निघाली तर निघाली. घोंगडीचे वजन दोन-अडीच किलो. करा हिशेब! मग काळी, पांढरी, करडी अशी निवड. रंग द्यावा लागत नाही. तो मेंढीनेच दिलेला असतो. निवडलेली लोकर धनुकलीने पिंजायची, आणि घरातल्या बाया ती चरख्यावर कातणार.

विणकाम सणगरांचे आणि खुटेकर धनगरांचे. खुटेकर हे नाव मागाच्या खुंट्यांवरून पडले असे म्हणतात. खरी मेहनत विणण्याआधीच असते. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्यांची खळ करतात. ताणा उघड्यावर ताणून धरायचा, कुंच्याने खळ चोपडायची आणि उन्हात वाळू द्यायची. लोकरीचा धागा कुसळांचा. खळीने कुसळ बसते, धागा कडक होतो, मागावर तुटत नाही. मग विणकर खड्ड्याच्या मागावर बसतो. पाय खाली पावड्यांवर, हातात धोटा. नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ लागते ती या खळीमुळे. वापरता वापरता ती नरम येते.

पावसात गुराखी तिचीच खोळ करून डोक्यावर घेतो. लोकरीत नैसर्गिक चरबी असते, तिच्यामुळे पाणी वरून ओघळते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. उलट ओलावा शोषताना थोडी ऊब सोडते. शिक्षकांनी हे वर्गात जरूर सांगावे. तीही एकदा पुरती चिंब झाली की मात्र लवकर वाळत नाही. ‘भिजत घोंगडे’ म्हणतात ते उगीच नाही!

आता थोडे कडू. नीरा डाव्या कालव्याचे पाणी 1885 च्या सुमारास या भागात खेळू लागले. पुढे ऊस आला, साखर कारखाने आले, गायराने आखडली. मेंढ्या आजही आहेत, पण त्या मटणासाठी आणि शेतात बसवून खतासाठी. लोकरीला भाव इतका उतरला की कातरणावळही निघत नाही, आणि कातरलेली लोकर कित्येकदा तिथेच टाकून देतात. जत भागातली माडग्याळ मेंढी अंगाने मोठी, लोकरीने बेताची. मेंढपाळ ती पसंत करतो, तर त्याला बोल कसा लावायचा? मात्र काळी दख्खनी मेंढी कळपातून गेली की जावळही गेले. मग माग शाबूत असून उपयोग काय?

ज्यांना घोंगडी घ्यायची आहे त्यांनी एवढे करावे. काठाची एक दशी काढून चिमट्यात धरून पेटवावी. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, राख बोटांत चुरगळते आणि ज्योत बाजूला केली की ती आपोआप विझते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची टणक गोळी होते. घरी ठेवताना कडक ऊन दाखवून, घडीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवावी. कसर लागत नाही.