मशीनवरची गोधडी

22 जुलै 2021च्या पुरात महाडच्या आमच्या घरात माळ्याखालचं सगळं बुडालं. गोधड्यांत चिखल बसला. किती धुतल्या तरी वास जाईना. दोन सोडून बाकीच्या टाकाव्या लागल्या. आईच्या बोटांना आता सुई पेलत नव्हती. माझ्याकडे पायमशीन होतं. म्हणून उरलेल्यांपैकी एक गोधडी उसवून मी ती शिकायला बसले.

आत एक सुती नऊवारी निघाली. नऊवारी म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. घड्या घातल्या की दोन मीटरचे चार थर होतात. वर-खाली लुगड्यांचे तुकडे. धावदोरा कडेपासून सुरू होऊन चौकोनी फेऱ्या घेत मधे येत होता. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदीही अशीच कडेकडून आत शिवतात. हातशिलाईत हे चालतं, कारण तळहात दर टाक्याला चुणी दाबून जिरवतो.

मी मशीनवर तसंच केलं आणि मधोमध कापडाचा फुगा आला. कारण साधं होतं. मशीनचे दाते खालचा थर पुढे नेतात आणि वरचा फूट वरच्या थराला अडवतो. वरचं कापड मागे राहून फुटापुढे साचत जातं. कडेकडून शिवलं की त्याला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून मशीनवर सुरुवात मधून करायची आणि कडेकडे जायचं.

त्याआधी वीतभर अंतराने सगळीकडे कच्चे टाके घालावेत. फुटाचा दाब सैल करावा, टाका लांब ठेवावा, सुई 16 किंवा 18 नंबरची घ्यावी. सुई आणि मशीनचा खांब यांत जेमतेम वीतभर जागा असते. तिथे अर्ध्या गोधडीची घट्ट गुंडाळी बसते. पहिली शिवण मधोमध, मग उजवी बाजू; नंतर गोधडी फिरवून दुसरी. डावीकडचा भार खाटेवर टेकवावा. तो लोंबकळला तर सुई मोडते. खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसले तर वरचा दोरा आवळावा. दोन्ही दोऱ्यांची गाठ थरांच्या आतच पडली पाहिजे.

शिवणी मात्र दाट घालू नयेत. ऊब कापडापेक्षा थरांत अडकलेल्या हवेची असते. माझी दुसरी गोधडी बोटाबोटावर शिवल्याने पुठ्ठ्यासारखी झाली. तिसरीला तीन बोटांचं अंतर ठेवलं, ती अंगाला वळली.

खरी अडचण कापडाची आहे. पोलादपूरच्या माहेरच्या माणसांकडे जुनी लुगडी मागितली तर बहुतेक सिंथेटिक साड्याच आल्या. त्या सुईखाली घसरतात, घाम टिपत नाहीत. त्या आतल्या थरांत घालून बाहेर सुती कापड लावलं की निभावतं.

तिसरी गोधडी आईने उलटसुलट पाहिली. "कोपरे हाताने घाल, मशीनचे उसवतात," म्हणाली. चारही कोपरे मी तिच्याशेजारी बसून हातानेच घातले.