अमळनेर : गिरणी थांबली, गाव थांबलं नाही

गिरणी बंद पडली की गाव संपलं, असं आपण सहज म्हणून जातो. खानदेशातलं, बोरी नदीकाठचं अमळनेर पाहिलं तर हे पटत नाही. प्रतापशेठजींची प्रताप मिल आज बंद आहे, पण 1916 मध्ये त्यांनी सुरू केलेलं तत्त्वज्ञान मंदिर उभं आहे. कापूस पिकवणाऱ्या तालुक्याच्या गावी वेदान्ताच्या अभ्यासकांची राहण्या-शिकण्याची सोय झाली. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे तत्त्वज्ञ इथे येऊन राहिले. साने गुरुजीही आधी इथेच अभ्यासाला आले आणि 1924 पासून प्रताप हायस्कुलात शिकवू लागले. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. रोज, तेही शाळा सांभाळून! माझ्या मते गावाचं खरं भांडवल हे.

यावर कुणी म्हणेल, ही तर मालकाची दानत. त्यात गावाचं काय? दानत होतीच, पण तो पैसा साच्यांवर उभ्या राहणाऱ्या कामगारांच्या घामातून आला होता, म्हणून या संस्थांवर त्यांचाही हक्क आहे. शिवाय गावपण गिरणीच्या आधीचं आहे. संत सखाराम महाराजांची समाधी नदीच्या वाळवंटात आहे आणि त्यांच्या यात्रेतला वैशाखातला रथ गिरणीच्या भोंग्यावर कधीच अवलंबून नव्हता.

शेठजींचं नाव इमारतींवर आहे, कामगारांचं कुठेच नाही. तुमच्या घरात कुणी प्रताप मिलमध्ये होतं का? खातं, पाळी, पगार, जे आठवतं ते खाली लिहा. प्रश्न असतील तर तेही विचारा.