कनिष्ठ गटातील कर्णधार

नवा रायपूर येथील शहीद वीर नारायण सिंह आंतरराष्ट्रीय स्टेडियम २००८ साली खुले झाले. छत्तीसगडच्या संघास रणजी करंडकाचे दार मात्र २०१६ मध्ये उघडले. २०१६-१७ च्या पदार्पणाच्या हंगामात हा संघ ‘क’ या कनिष्ठ गटात उतरला. कर्णधार होता मोहम्मद कैफ. २००५-०६ मध्ये उत्तर प्रदेशास पहिला रणजी करंडक जिंकून देणाऱ्या कैफसमोर आता नवख्या संघाची घडी बसविण्याचे काम होते.

अशा कर्णधारास हंगाम गुणांच्या हिशेबातून पाहावा लागतो. निर्णायक विजयास ६ गुण मिळत. डावाने किंवा १० गडी राखून जिंकल्यास आणखी १. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडीस ३, तर पिछाडीस १ गुण. म्हणूनच तळाच्या जोडीने जमविलेल्या वीस-पंचवीस धावाही मोलाच्या ठरतात. शिवाय १० संघांतून केवळ २ संघ बाद फेरीत जाणार होते आणि सर्व सामने त्रयस्थ मैदानांवर होते. घरच्या भव्य स्टेडियमचा लाभ मिळणार नव्हता.

ऑक्टोबर २०१६ मध्ये रांची येथे त्रिपुरावर ९ गडी राखून विजय मिळवीत संघाने शुभारंभ केला. बाद फेरी मात्र हैदराबाद व हरियाणा यांनी गाठली. स्टेडियम काही वर्षांत बांधता येते; संघाची पत हंगामागून हंगाम कमवावी लागते.